बहिष्कृतांचा बहिष्कार
न्यूयॉर्क-शिकागोतील शाळा-आंदोलने : १९६३ ते १९६८

सोमवार, दिनांक ३ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांतून ४,६४,३६१ मुले गैरहजर राहिली. पटावर त्या वेळी सुमारे दहा लाख मुले होती. म्हणजे शहरातील जवळजवळ निम्मी मुले त्या दिवशी शाळेत गेली नाहीत. आजारपण, घरचे काम अशा कारणांनी रोज लाखभर मुले गैरहजर असतच. ती वजा केली तरी साडेतीन लाखांहून अधिक मुले एकाच कारणासाठी शाळेच्या फाटकाबाहेर राहिली. ते कारण असे : काळ्या आणि पोर्तो रिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, गोऱ्या मुलांच्या वेगळ्या होत्या, आणि ही विभागणी कोणत्या तारखेपर्यंत मोडणार हे सांगायला शहराचे शिक्षण मंडळ तयार नव्हते.

त्याच्या पाच महिने आधी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनला जो मोर्चा निघाला त्यात सुमारे अडीच लाख माणसे होती. तो मोर्चा जगाला ठाऊक आहे. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या त्या दिवशीच्या भाषणाविषयी आपल्याकडील शाळकरी मुलानेही ऐकलेले असते. त्या मोर्चाचे नियोजन बेयार्ड रस्टिन ह्यांनी केले होते. न्यूयॉर्कच्या बहिष्काराची आखणीही त्यांनीच केली. संख्या अधिक, संघटक तोच, आणि शहर तर मोठमोठ्या वर्तमानपत्रांचे माहेरघर. तरीही हा बहिष्कार इतिहासातून जवळजवळ पुसला गेला.

मी इतिहासाचा अध्यापक आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती जी पुस्तके पडतात त्यांत मंटगमेरीची बस असते, लिटल रॉकची शाळा असते, बर्मिंगहॅममध्ये मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे असतात. पुढे एकदम ब्लॅक पँथर येतात, आणि त्यांच्यापासून १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरपर्यंत दुवा जोडला जातो. मधल्या पानांवर न्यूयॉर्क आणि शिकागोची मुले नसतात. हे विस्मरण अपघाताने झालेले नाही. दक्षिणेच्या कथेत खलनायक सहज ओळखता येतो : दंडुका उगारणारा पोलिस अधिकारी, शाळेच्या दारात आडवा उभा राहणारा गव्हर्नर. उत्तरेतील शहरांत तसा कोणीच दिसत नाही. तिथे अन्याय होता, पण तो करणारा समोर येत नव्हता. कर्ता नसलेल्या अन्यायाविरुद्ध लढायचे कसे, हा त्या मुलांपुढचा प्रश्न होता. आज तो आपल्यापुढचाही प्रश्न आहे, म्हणून ही हकीकत तपशिलाने सांगणे मला अगत्याचे वाटते.

दक्षिणेत कायदा, उत्तरेत नकाशा

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व मान्य केले. त्याच्या आधारे दक्षिणेतील राज्यांनी काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या. त्या वेगळ्या होत्या. समान कधीच नव्हत्या. व्हर्जिनियातील फार्मव्हिल ह्या गावी काळ्या मुलांचे हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेले होते, आणि त्यात साडेचारशेहून अधिक मुले कोंबलेली होती. जागा पुरेना म्हणून आवारात डांबरी कागदाच्या झोपड्या उभारून त्यांत वर्ग भरवले जात. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर धाडले, सर्वांना सभागृहात जमवले आणि संपाची हाक दिली. मुले दोन आठवडे संपावर राहिली. त्यांची मूळ मागणी चांगल्या इमारतीची होती. मदतीला आलेल्या वकिलांनी अट घातली की मागणी वेगळ्या पण चांगल्या शाळेची असेल तर आम्ही येणार नाही. विभागणीच मोडायची असेल तर येऊ. मुलांनी आणि पालकांनी ती अट स्वीकारली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा जो ऐतिहासिक निकाल दिला तो पाच खटल्यांचा एकत्रित निकाल होता, आणि त्यांपैकी एक फार्मव्हिलच्या मुलांचा होता.

ह्या निकालाने कायद्याने केलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली. उत्तरेतील गोऱ्या उदारमतवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते हा दक्षिणेचा रोग होता. न्यूयॉर्कच्या वा शिकागोच्या कोणत्याही शाळेच्या दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी नव्हती. पण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क ह्यांनी, ज्यांच्या संशोधनाचा आधार ब्राउन निकालात घेतला गेला होता, त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले की न्यूयॉर्कच्या शाळाही विभागलेल्याच आहेत. शिक्षण मंडळाने आयोग नेमला. आयोगाने शिफारशी केल्या. शिफारशी फायलीत गेल्या.

मग कायदा नसताना ही विभागणी झाली कशी? आधी घरांची विभागणी झाली. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थांनी शहरांचे नकाशे तयार केले आणि काळ्यांच्या वस्त्या त्यांवर लाल रंगाने रंगवल्या. लाल भागाला कर्ज मिळेना. गोऱ्यांच्या वस्त्यांत घरांच्या खरेदीखतातच अट असे की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. असे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, पण तोपर्यंत वस्त्या पक्क्या झाल्या होत्या. त्यानंतर शाळेची हद्द वस्तीच्या हद्दीवरून आखली गेली आणि तिला गोड नाव मिळाले : शेजारची शाळा. मुलाने आपल्या शेजारच्या शाळेत जावे, ह्यात वाईट ते काय? नवी वस्ती वाढली, काळी कुटुंबे दोन गल्ल्या पुढे सरकली, की हद्दीची रेघही सरके. रेघ ओढणारा हात दिसत नसे. मंडळ म्हणे, आम्ही वर्ण पाहतच नाही, आम्ही फक्त पत्ता पाहतो.

आपल्या गावांतून महारवाडा आणि मांगवाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या युक्तिवादाचा अर्थ समजावून सांगायला नको. पत्ता विचारला की जात कळते, हे आपल्याकडे प्रत्येक लहान मुलाला ठाऊक असते.

शिकागो : रिकाम्या खुर्च्यांची मोजणी

शिकागोमध्ये हा खेळ सर्वांत उघड्यावर आला. दक्षिणेतून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांमुळे काळ्यांच्या शाळा ओसंडून वाहत होत्या. तिथे दोन पाळ्यांत शाळा भरे. अर्धी मुले सकाळी, अर्धी दुपारी. म्हणजे मुलाला अर्ध्याच दिवसाचे शिक्षण मिळे. त्याच वेळी गोऱ्यांच्या वस्त्यांतील शाळांत वर्गखोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मंडळाचे अधीक्षक बेंजामिन विलिस हे मान्य करीत नसत, आणि मंडळ मुलांची वर्णानुसार आकडेवारी देत नसे. आकडाच नसेल तर अन्याय सिद्ध कसा करायचा?

१९६२ साली काही काळ्या माता गोऱ्यांच्या शाळांत शिरल्या आणि रिकाम्या खोल्या मोजू लागल्या. त्यांनी आपल्या गटांना ‘सत्यशोधक पथके’ म्हणावे अशाच अर्थाचे नाव घेतले होते. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे नाव त्यांच्या कानी गेले असण्याचा संभव नाही. पण सत्य शोधायचे म्हणजे आधी मोजायचे, हे त्यांनी आपल्या अनुभवातून ओळखले होते. त्यांतील काही मातांना अटक झाली. मोजणी हा त्यांचा गुन्हा ठरला.

गर्दीवर विलिस ह्यांनी काढलेला उपाय म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्या. त्या काळ्यांच्या शाळांच्या आवारात आणून उभ्या केल्या जात, म्हणजे मुलांना गोऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांकडे जाण्याची गरजच उरत नसे. लोकांनी ह्या खोल्यांना अधीक्षकांचेच नाव दिले : ‘विलिस वॅगन’. १९६३ च्या उन्हाळ्यात शहराच्या दक्षिण भागात रेल्वेरुळांच्या कडेला अशा खोल्यांची शाळा उभी राहू लागली, तेव्हा पालक आणि विद्यार्थी बुलडोझरपुढे आडवे झाले. पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत टाकले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक मर्यादित बदली-योजना अमलात आणण्याची वेळ आली, तेव्हा विलिस ह्यांनी ती मानण्याऐवजी राजीनामा दिला. मंडळाने तो स्वीकारला नाही. त्यांची मनधरणी करून त्यांना परत आणले. ह्या प्रकाराने वस्त्यांतला संताप संघटित झाला. २२ ऑक्टोबर १९६३ हा दिवस ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणून जाहीर झाला. त्या दिवशी सुमारे सव्वादोन लाख मुले शाळेत गेली नाहीत. हजारो मुले चर्चमध्ये भरलेल्या ‘स्वातंत्र्यशाळां’त जाऊन बसली. तिथे त्यांना आपल्या लोकांचा इतिहास सांगितला गेला, जो रोजच्या पुस्तकांत नव्हता. दहा हजारांच्या आसपास माणसे शहराच्या मध्यभागी मोर्चाने गेली. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी दुसरा बहिष्कार झाला; त्यात दीड लाखाहून अधिक मुले सामील झाली.

मंडळालाच तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती, आणि १९६४ च्या वसंतात समितीने सांगितले की शिकागोतील काळ्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले जवळजवळ संपूर्ण काळ्या असलेल्या शाळांत शिकतात. मातांनी खुर्च्या मोजून जे सांगितले होते तेच आता विद्यापीठाच्या भाषेत सरकारी कागदावर आले.

न्यूयॉर्क : हार्लेमच्या मातांपासून तीन फेब्रुवारीपर्यंत

न्यूयॉर्कचा बहिष्कारही एका दिवसात उभा राहिलेला नाही. १९५८ साली हार्लेममधील नऊ मातांनी, ज्यांत मे मॅलरी ह्या अग्रभागी होत्या, आपल्या मुलांना वस्तीच्या शाळेत पाठवायचे नाकारले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मोडल्याबद्दल मातांवर खटले भरले गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यायाधीश जस्टिन वाइज पोलिअर ह्यांनी त्यांपैकी दोन कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला. ह्या शाळांत पात्र शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात व बदली शिक्षकांवर काम भागवले जाते. येथे मिळणारे शिक्षण कनिष्ठ दर्जाचे आहे. तेव्हा असे शिक्षण नाकारणाऱ्या पालकांना दोषी धरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे मुलाला शाळेबाहेर ठेवणे हीच मुलाच्या शिक्षणाची काळजी असू शकते, हे एका न्यायालयाने मान्य केले.

पुढे ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीतील चर्चचे धर्मोपदेशक मिल्टन गॅलमिसन ह्यांनी पालकांची संघटना बांधली. पाच-सहा वर्षे निवेदने, चर्चा, आश्वासने असा क्रम चालला. अखेर १९६४ च्या जानेवारीअखेर मंडळाने एक योजना जाहीर केली. तिच्यात शहरातील बहुतेक विभागलेल्या शाळांना हातच लावलेला नव्हता. बहिष्काराचा निर्णय कायम राहिला.

३ फेब्रुवारीची सकाळ कडक थंडीची होती. शेकडो शाळांसमोर फलक घेऊन माणसे उभी राहिली. हजारो शिक्षकही गैरहजर राहिले. चर्चमध्ये, सभागृहांत स्वातंत्र्यशाळा भरल्या. दुपारी मोर्चा ब्रुकलिनमधील शिक्षण मंडळाच्या कार्यालयावर गेला. दिवसभरात हिंसा झाली नाही. पोर्तो रिकन समाजही ह्या बहिष्कारात उतरला होता, आणि पुढच्या महिन्यात त्याने आपला स्वतंत्र मूक मोर्चाही काढला. दोन पीडित समाज एका मागणीवर एकत्र आले, हे ह्या दिवसाचे मोठे फलित मानले पाहिजे.

मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र बहिष्कार फसला असे सांगितले. साडेचार लाख रिकाम्या जागा त्यांना दिसल्या नाहीत. १६ मार्चला गॅलमिसन ह्यांनी दुसरा बहिष्कार पुकारला, तेव्हा मोठ्या राष्ट्रीय संघटनांनी पाठिंबा काढून घेतला होता. माल्कम एक्स मात्र बाजूने उभे राहिले. त्या दिवशीही अडीच लाखांहून अधिक मुले गैरहजर होती.

पंधरा हजारांचे वजन

आता ह्या कथेतील सर्वांत कटू भाग सांगतो. १२ मार्च १९६४ रोजी, म्हणजे दोन बहिष्कारांच्या मध्ये, सुमारे पंधरा हजार गोऱ्या पालकांनी ब्रुकलिन पूल ओलांडून महापौरांच्या कार्यालयावर मोर्चा नेला. त्यांत बहुसंख्य माता होत्या. त्यांनी आपल्या संघटनेचे नाव ‘पालक आणि करदाते’ असे ठेवले होते. नावातच सगळे आले : शाळा कर भरणाऱ्याची. जणू काळा माणूस कर भरतच नव्हता! त्यांचे म्हणणे होते की आमचा वर्णद्वेषाशी संबंध नाही, आम्हाला फक्त शेजारची शाळा हवी आहे.

त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्क विधेयकावर चर्चा चालू होती. चार-साडेचार लाख मुलांच्या गैरहजेरीने विधेयकात एक शब्दही वाढला नाही. पंधरा हजार गोऱ्या मातांचे चित्र मात्र दूरचित्रवाणीवरून देशभर गेले आणि विधेयकाच्या चर्चेत त्याचा दाखला दिला गेला. २ जुलै १९६४ रोजी जो कायदा झाला त्यात शाळांतील विभागणी मोडण्याची तरतूद होती. पण व्याख्येतच लिहून ठेवले होते की ‘वांशिक असमतोल’ दूर करण्यासाठी मुलांची शाळाबदल करणे म्हणजे विभागणी मोडणे नव्हे. दक्षिणेत जे होते ती ‘विभागणी’. उत्तरेत होता तो ‘असमतोल’. एका शब्दाच्या फरकाने न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन कायद्याच्या तावडीतून सुटले. आणि ज्या खासदाराच्या समितीतून हे विधेयक पुढे आले ते इमॅन्युएल सेलर स्वतः ब्रुकलिनचे प्रतिनिधी होते.

शिकागोत तर ह्याची परीक्षाही झाली. १९६५ साली तेथील संघटनांनी ह्याच कायद्याखाली तक्रार केली. केंद्राचे शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल ह्यांनी १ ऑक्टोबरला शहराचे सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर रोखून धरले. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली अध्यक्ष जॉन्सन ह्यांना भेटले, आणि आठवड्याभरात पैसा मोकळा झाला. शाळा होत्या तशाच राहिल्या.

१९७४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ठरवले की शहरातील विभागणी मोडण्यासाठी आसपासच्या उपनगरांना सहसा सामील करून घेता येणार नाही. गोरी कुटुंबे तोवर उपनगरांत निघून गेलीच होती. शहराची हद्द हीच आता नवी भिंत झाली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काळी मुले बसने गोऱ्यांच्या वस्तीतील शाळेत जाऊ लागली तेव्हा त्या बसवर दगड पडले. उत्तरेतला खलनायक अखेर दिसला. पण दहा वर्षे उशिरा, आणि लहान मुलांच्या बसवर. २०१४ साली एका विद्यापीठाच्या अभ्यासगटाने देशातील राज्यांची तुलना केली, तेव्हा शाळांतील विभागणी सर्वांत तीव्र असलेले राज्य म्हणून नाव निघाले ते न्यूयॉर्कचे.

कोणत्या शाळेत, आणि कोणते शिक्षण

मग बहिष्कार वाया गेला काय? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण १९६७-६८ मध्ये सापडते.

१९६३-६४ चे बहिष्कार मोठ्यांनी आखले होते. मुले त्यांत आई-वडिलांच्या, धर्मोपदेशकांच्या सांगण्यावरून सामील झाली होती. पण त्या दिवशी दहा-अकरा वर्षांचे असलेले मूल १९६८ साली हायस्कूलमध्ये होते. शाळेला नाही म्हणता येते, हे ते शिकलेले होते. १७ नोव्हेंबर १९६७ रोजी फिलाडेल्फियात सुमारे साडेतीन हजार काळे विद्यार्थी आपल्या शाळांतून निघून शिक्षण मंडळावर गेले. पोलिसांनी त्यांना निर्घृणपणे झोडपले. १९६८ च्या ऑक्टोबरात शिकागोत एका सोमवारी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. ह्या वेळी हाक विद्यार्थ्यांनीच दिली होती आणि मागणी बदलली होती. आम्हाला गोऱ्यांच्या शेजारी बसवा, एवढेच आता ते म्हणत नव्हते. आमचा इतिहास शिकवा. काळे शिक्षक, काळे मुख्याध्यापक नेमा. शाळेच्या कारभारात आमच्या वस्तीला आवाज द्या, असे ते म्हणत होते. पाच वर्षांपूर्वी स्वातंत्र्यशाळेत एका दिवसापुरते जे ऐकले ते आता त्यांना रोज हवे होते.

ह्या दोन मागण्यांत काहींना विरोध दिसतो : आधी एकत्र शाळा मागितली, मग आपली शाळा. मला त्यांत एक क्रम दिसतो. त्यांच्या शाळांवर सत्ता दुसऱ्याची होती. एकत्र शाळा मिळेना, तेव्हा निदान असलेल्या शाळेवर तरी सत्ता हवी, हे त्यातले तर्कशास्त्र. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात स्थानिक नियंत्रणाचा हा प्रयोग झाला आणि शिक्षकसंघटनेच्या संपाने तो मोडीत निघाला.

बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ह्या दोन वाटांपैकी एकच निवडली नाही. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा ते हार्लेमला लागून असलेल्या भागात शिकत होते. काळ्यांच्या प्रश्नावरचे त्यांचे लक्ष पुढेही राहिले. १९४६ साली त्यांनी विचारवंत ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्याच काळात त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभारली : मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद. ही महाविद्यालये आपल्या लोकांच्या हाती होती आणि त्यांचे दार सर्वांना उघडे होते. शिकागोचे विद्यार्थी १९६८ मध्ये जे शोधत होते ते ह्याच्याशी फार जुळते.

आपल्यापुरते

मी स्वतः ज्या शाळेत शिकलो तिथे इयत्ता सहावीच्या चार तुकड्या होत्या. ‘अ’ तुकडीत गावातल्या वाड्यांतली मुले, ‘ड’ तुकडीत आमच्या वस्तीतली जवळजवळ सगळी. ‘ड’ तुकडीला गणिताला वर्षभर कायमचा शिक्षक नव्हता. माझ्या वडिलांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “तुकड्या गुणांवरून पाडतो, आम्ही जात बघत नाही.” गुण कशावरून, तर पाचवीच्या परीक्षेवरून, आणि पाचवीतही आम्ही ‘ड’ मध्येच होतो. शिकागोच्या मंडळाचे म्हणणे मी पुढे वाचले तेव्हा ते मला परदेशी वाटले नाही. एका इमारतीतसुद्धा रेघ ओढता येते.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, अर्थात कागदावर. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण २० मार्च १९२७ रोजी माणसे तळ्यावर जाईपर्यंत पाणी बंदच होते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. बहिष्कार हा शब्द आपल्याकडे शतकानुशतके वरून खाली आला. गावाने माणसावर टाकायचा. तो उलटा फिरवणे, बहिष्कृतांनीच बहिष्कार घालणे, ही न्यूयॉर्क-शिकागोच्या मुलांची कृती म्हणूनच आपल्याला जवळची वाटते.

आणि ‘शेजारची शाळा’? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षणहक्काच्या नियमांत बदल केला. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात. नव्या नियमाने, शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला ह्या जबाबदारीतून सूट मिळाली. नियमात जात नव्हती, धर्म नव्हता. फक्त अंतर होते. शहरांत असा एक किलोमीटर बहुतेक ठिकाणी सापडतोच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. रेघ ओढणारा हात ह्या वेळी पकडला गेला, कारण पालकांनी आणि संघटनांनी वेळेवर न्यायालय गाठले.

कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांच्यापुढे मला एवढेच ठेवायचे आहे. शिकागोच्या मातांनी आधी खुर्च्या मोजल्या, मग रस्त्यावर आल्या. आपल्या शहरातील कोणत्या शाळेत कोणत्या वस्तीची मुले आहेत, कोणत्या तुकडीला कोणते शिक्षक आहेत, कुठल्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा आहे आणि कुठल्या शाळेत ती खोली कुलूपबंद आहे, पहिलीत नाव घातलेल्या मुलांपैकी दहावीपर्यंत किती उरली, ही माहिती गोळा करण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. एक वही लागते, आणि शाळाशाळांतून फिरायची तयारी लागते. विद्यार्थी संघटनांनी येत्या सुट्टीत आपापल्या तालुक्यापुरते हे काम हाती घ्यावे. आकडे हाती आल्यावर मोर्चा काढायचा, न्यायालयात जायचे की शाळेच्या फाटकाबाहेर बसायचे, हे त्या त्या ठिकाणच्या लोकांनी ठरवावे.